शनिवार दुपारची कमाई

इंग्लंडात काही वर्षे राहून परतलेल्या मराठी माणसाला तिथल्या दिवसांविषयी बोलते केले, तर तो कचेरीविषयी फारसे बोलत नाही. शनिवार-रविवारच्या सहलींविषयी बोलतो. पहाटे उठून केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, तिघाचौघांनी मिळून काढलेले सवलतीचे तिकीट, बाथ, ब्रायटन, सॉल्सबरी, ऑक्सफर्ड, आणि रात्रीची परतीची गाडी. दोन-तीन वर्षांच्या करारावर गेलेल्या माणसाचे इंग्लंड बहुतांशी असे एकेका दिवसाच्या तुकड्यांनी पाहिलेले असते. त्या तुकड्यांतून किल्ल्यांचा, कॅथीड्रलांचा आणि सरदारवाड्यांचा इतिहास तो फलकांवरून वाचत जातो. खुद्द या एका दिवसाच्या सहलीलाही इतिहास आहे, हे मात्र कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते.

अशा सहलीला तीन गोष्टी लागतात. एक मोकळा दिवस, खिशाला झेपेल असे भाडे, आणि पोहोचल्यावर आत पाऊल टाकू देणारी जागा. आज या तिन्ही गोष्टी इंग्लंडच्या हवेइतक्याच स्वाभाविक वाटतात. परंतु दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या कष्टकऱ्याला यांतली एकही सुखासुखी मिळत नव्हती. पुढे त्या मिळाल्या त्या निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या कारणांनी, आणि बऱ्याचदा कोणीतरी त्यांची किंमत मोजल्यानंतर. त्या किमतीचा थोडा हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

संत सोमवार

कारखानदारी येण्यापूर्वीचा इंग्लिश कारागीर घड्याळाचा गुलाम नव्हता. विणकर, चांभार, लोहार हे आठवड्याचे काम आपल्या सोयीने करीत. शेवटचे तीन-चार दिवस रात्रंदिवस राबत आणि शनिवारी मजुरी हाती पडली की रविवारला जोडून सोमवारही मोकळा घेत. या प्रथेला त्यांनी थट्टेने 'संत सोमवार' असे नाव दिले होते. ख्रिस्ती पंचांगात नसलेल्या या संताचे भक्त मात्र उदंड होते. बर्मिंगहॅमसारख्या छोट्या कारखान्यांच्या शहरात ही प्रथा इतकी रुजलेली होती की, रेल्वे आल्यावर तिथल्या सुरुवातीच्या सहलीच्या गाड्या सोमवारीच सुटत असत.

वाफेच्या यंत्राला हा संत मानवणारा नव्हता. बॉयलर पेटवल्यावर सगळे हात एकाच वेळी हजर असणे ही गिरणीची गरज होती. मालकांना सोमवारची हजेरी हवी होती, कामगारांना विश्रांती हवी होती, आणि धर्ममार्तंडांना रविवार पवित्र राखायचा होता. या तिघांच्या ओढाताणीतून जी तडजोड निघाली ती म्हणजे शनिवारची अर्धी सुट्टी. मँचेस्टरच्या व्यापारी वखारींनी १८४३ साली शनिवारी दुपारी काम बंद करण्याचे मान्य केले. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता संपलेच पाहिजे असे ठरवले. कायद्यात प्रौढ पुरुषांचा उल्लेख नव्हता. पण स्त्रिया आणि मुले निघून गेल्यावर गिरणी चालणार कशी? त्यामुळे पुरुषांचीही सुटका झाली.

या सौद्यात कामगाराने काय दिले आणि काय घेतले, हे पाहण्यासारखे आहे. त्याने आपल्या मर्जीचा अख्खा सोमवार दिला आणि कायद्याची अर्धी शनिवार दुपार घेतली. दिवसांच्या गणिताने हा तोट्याचाच व्यवहार. परंतु संत सोमवार ज्याच्या हाती कसब आहे अशा पुरुष कारागिराचा होता. गिरणीत धागे जोडणाऱ्या पोरीच्या वाट्याला तो कधीच आला नव्हता. शनिवारची दुपार तिचीही होती. शिवाय ती सगळ्यांना एकाच वेळी मिळत होती, आणि सगळे एकाच वेळी मोकळे असले म्हणजेच फुटबॉलचा सामना भरतो, सहलीची गाडी भरते. इंग्लंडात फुटबॉलचे सामने परंपरेने शनिवारी तीन वाजता सुरू होतात, त्याचे मूळ या दोन वाजताच्या भोंग्यात आहे. 'वीकएंड' या शब्दाची १८७९ सालची एक प्रसिद्ध नोंद स्टॅफर्डशायरची आहे: आठवड्याचे काम शनिवारी दुपारी आटोपून जो परगावी स्नेह्यांकडे रविवारपर्यंत राहायला जातो, त्याच्याविषयी तिकडे हा शब्द वापरतात, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे शब्दाच्या पोटातच प्रवास आहे.

मैलाला एक पेनी

दिवस मोकळा झाला तरी जायचे कसे? घोड्यांच्या टपालगाडीचे भाडे मजुराच्या आवाक्याबाहेर होते. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, पण रेल्वे कंपन्यांना गरीब उतारू ही अडगळच वाटे. तिसऱ्या वर्गासाठी अनेक कंपन्या छत नसलेले, मालडब्यासारखे उघडे डबे जोडत. १८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पहाटे रेडिंगजवळच्या सॉनिंग येथे, डोंगर खोदून काढलेल्या मार्गात दरड कोसळून एक मिश्रगाडी घसरली. उघड्या डब्यांत बसून सणाला घरी निघालेले गवंडी तिच्यात होते. पुढचे इंजिन आणि मागचे मालडबे यांच्यामध्ये ते सापडले. आठ जण जागीच गेले. लंडनहून बाथला जाणारी आजची गाडी रेडिंग येण्यापूर्वी याच खोदाईतून मिनिटाभरात पार होते.

या अपघाताची आठवण ताजी असतानाच १८४४ चा रेल्वे कायदा आला. ग्लॅडस्टन तेव्हा व्यापार मंडळाचे अध्यक्ष होते. नव्या कंपन्यांनी दररोज दोन्ही दिशांना निदान एक गाडी अशी चालवावी की जिच्यात तिसऱ्या वर्गाच्या उतारूला छप्पर आणि बसायला जागा असेल, थांबे धरून वेग ताशी १२ मैलांपेक्षा कमी नसेल, आणि भाडे मैलाला एक पेनीहून अधिक नसेल, अशी अट या कायद्याने घातली. या 'पार्लमेंटरी' गाड्यांची पुढे पुष्कळ टिंगल झाली. कंपन्या त्या मुद्दाम गैरसोयीच्या वेळी सोडत. पण गरिबाला छपराखाली बसून प्रवास करण्याचा हक्क आहे, हे कायद्याच्या पुस्तकात आले.

सहलीच्या गाडीचा जनक म्हणून टॉमस कुक यांचे नाव घेतले जाते. ते सर्वस्वी खरे नाही. त्यांच्याआधीही अशा गाड्या सुटल्या होत्या. ५ जुलै १८४१ रोजी कुक यांनी लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे ५०० माणसे नेली ती दारूबंदीच्या सभेसाठी. भाडे जाऊन-येऊन एक शिलिंग. सुट्टीच्या दिवशी गुत्त्याकडे वळणारी पावले दुसरीकडे वळवावीत, हा या सुतारकाम केलेल्या बॅप्टिस्ट प्रचारकाचा हेतू होता. दहा वर्षांनी, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात, या कल्पनेची ताकद दिसली. प्रदर्शनाला एकंदर ६० लाखांच्या आसपास भेटी नोंदल्या गेल्या. मे महिन्याच्या अखेरीपासून आठवड्यातले काही दिवस प्रवेश एका शिलिंगाला ठेवला, तेव्हा हा जमाव दंगा करील की काय अशी भीती उच्चभ्रूंना होती. जमावाने काचेचा महाल पाहिला, शिदोरी खाल्ली आणि तो संध्याकाळच्या गाडीने घरी गेला. एकट्या कुक यांनीच मिडलँड्स आणि यॉर्कशायरमधून दीड लाखाच्या घरात माणसे आणली होती. त्यांच्या नावाची कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी दिवाळखोरीत बंद पडली. एका दिवसाची सहल मात्र चालूच आहे.

क्लेटनचा बोगदा

लंडनहून ब्रायटनला जाताना समुद्राच्या अलीकडे डाऊन्सच्या टेकड्या आडव्या येतात आणि गाडी सव्वा मैल लांबीच्या बोगद्यात शिरते. या क्लेटन बोगद्याच्या उत्तर तोंडाला किल्ल्यासारखे बुरूज आहेत, म्हणून हौशी लोक त्याचे फोटो काढतात. २५ ऑगस्ट १८६१ च्या रविवारी सकाळी ब्रायटन स्थानकातून थोड्याथोड्या मिनिटांच्या अंतराने तीन गाड्या लंडनकडे निघाल्या. पहिल्या दोन सहलीच्या होत्या, तिसरी नेहमीची. बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी किलिक नावाचा सिग्नलवाला होता. पहिली गाडी आत गेल्यावर सिग्नल आपोआप धोक्याच्या खुणेवर यायला हवा होता, तो आला नाही. दुसरी गाडी आत शिरताना त्याने धावत जाऊन लाल निशाण दाखवले. ते चालकाला दिसले की नाही, हे त्याला कळले नाही. चालकाला ते दिसले होते. तो बोगद्यात थांबला आणि गाडी मागे घेऊ लागला. दरम्यान पलीकडच्या टोकाकडून 'बोगदा मोकळा' असा तारेने निरोप आला. तो पहिल्या गाडीविषयी होता. किलिकने तो दुसरीविषयी मानला आणि तिसऱ्या गाडीला पांढरे निशाण दाखवले. अंधारात झालेल्या टकरीत २३ जण मेले, १७६ जखमी झाले.

या अपघातामुळे रेल्वेच्या इतिहासात गाड्यांमधले अंतर वेळेने राखावे की जागेने, या वादाला वळण लागले. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यातला दुसराच तपशील महत्त्वाचा आहे. किलिकची नियमाची पाळी १८ तासांची होती. त्या दिवशी तो सलग २४ तासांच्या पाळीवर होता; कारण असे केले तरच त्याला आठवड्यातला एक पूर्ण दिवस मोकळा मिळत असे. हजारोंना रविवारची सहल घडवणाऱ्या माणसाला स्वतःचा एक मोकळा दिवस मिळवण्यासाठी दिवसरात्र जागावे लागत होते.

रविवारच्या सहलींना धार्मिक मंडळींचा विरोध होताच. रविवार पाळणाऱ्यांनी या अपघातात देवाचा कोप पाहिला, तर १८५५ मध्ये स्थापन झालेली नॅशनल संडे लीग कामगारासाठी रविवारी संग्रहालये उघडा, बागेत वाद्यवृंद वाजू द्या, स्वस्त गाड्या सोडा, असे मागत राहिली. ब्रिटिश म्युझियमचे दार रविवारी उघडायला १८९६ साल उजाडले. या वादात सब्बाथवाद्यांना केवळ कर्मठ म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण एकाच्या सहलीसाठी दुसऱ्याला रविवारी कामावर यावे लागते, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. तो आजही सुटलेला नाही. रुळांची दुरुस्ती शनिवार-रविवारी निघते आणि सहलीला निघालेल्यांना रेल्वेऐवजी बसमध्ये बसावे लागते, तेव्हा आपण चरफडतो. त्या वेळी रुळांवर कोणीतरी आपला रविवार घालवत असते. काही रेल्वे कंपन्यांत चालकांचा रविवार अजूनही कराराच्या आठवड्याबाहेरचा, राजीखुशीचा आहे. उन्हाच्या रविवारी गाड्या रद्द होण्याचे ते एक कारण असते.

लबक यांचे सोमवार आणि दगड

१८७१ साली बँक हॉलिडेचा कायदा झाला. तो पार्लमेंटात आणणारे सर जॉन लबक हे मोठे अजब गृहस्थ होते. धंद्याने पेढीवाले, केंटमधल्या डाऊन गावी चार्ल्स डार्विन यांचे तरुण शेजारी, मुंग्या-मधमाश्यांचे अभ्यासक, आणि अश्मयुगाचे 'जुने' व 'नवे' असे भाग करून त्यांना नावे देणारे पुरातत्त्वज्ञ. त्यांच्या कायद्याने इंग्लंडला चार दिवस दिले: ईस्टरचा सोमवार, व्हिटसनचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि नाताळचा दुसरा दिवस. यांतला ऑगस्टचा सोमवार कोणत्याही सणाशी बांधलेला नव्हता. भर उन्हाळ्यात निव्वळ सुट्टी म्हणून दिलेला तो दिवस. लोकांनी त्याला कौतुकाने 'संत लबक' असे म्हणून जुन्या संत सोमवाराची परतफेड केली. पुढे ही सुट्टी ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी गेली आणि आजही ती तिथेच आहे.

सुट्टी देणाऱ्या याच माणसाने सुट्टीत पाहायच्या जागाही वाचवल्या. एव्हबरीच्या प्राचीन शिलावर्तुळाच्या जागेवर घरे बांधली जाणार असे कळल्यावर त्यांनी १८७१ च्याच सुमारास ती जमीन स्वतः विकत घेतली. मग पुरातन वास्तूंच्या रक्षणासाठी विधेयक आणले. खासगी मालमत्तेत सरकारने हात घालावा ही कल्पना पार्लमेंटला इतकी असह्य होती की, ते संमत व्हायला १८८२ साल उजाडले, आणि तेही मालक राजी असेल तरच रक्षण करता येईल अशा दुबळ्या रूपात.

मालक राजी नसेल तर काय होते, ते स्टोनहेंजने दाखवले. तिथे लोक पिढ्यानपिढ्या मोकळेपणी जात. १९०० च्या अखेरच्या दिवशी वादळात एक शिळा पडली आणि १९०१ मध्ये मालक सर एडमंड अँट्रोबस यांनी कुंपण घालून एक शिलिंग प्रवेशमूल्य लावले. संरक्षक संस्था कोर्टात गेल्या. १९०५ मध्ये निकाल लागला: पूर्वीचे मालक लोकांना येऊ देत होते ती त्यांची मेहेरबानी होती, लोकांचा हक्क नव्हे. पुढे १९१५ मध्ये सॉल्सबरीच्या लिलावात सेसिल चब नावाच्या स्थानिक माणसाने ते ६,६०० पौंडांना घेतले आणि १९१८ मध्ये राष्ट्राला देऊन टाकले. देताना अट घातली की प्रवेशाला एका शिलिंगापेक्षा अधिक पडू नये. आज प्रौढाचे तिकीट वीस पौंडांच्या वर आहे, एवढेच इथे नोंदवून पुढे जाऊ.

किंडर स्काउट

मेहेरबानी आणि हक्क यांतला हा भेद सर्वांत तीव्रतेने जाणवला तो डोंगरांवर. मँचेस्टर आणि शेफील्ड ही दोन कारखान्यांची शहरे, आणि त्यांच्यामध्ये पीक डिस्ट्रिक्टचे पठार. गिरणीच्या छतावरून दिसणारे हे डोंगर कुंपणाने सामायिक कुरणांपासून तुटले होते आणि ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखले गेले होते. शिकार वर्षातले मोजके दिवस चाले. राखणदार बारमाही असत. डोंगरांवर जाण्याचा हक्क मागणारे पहिले विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्येच आणले होते. ते पुन्हापुन्हा येत राहिले आणि पडत राहिले. १८९६ मध्ये बोल्टनजवळच्या विंटर हिलवरची जुनी वाट मालकाने बंद केली, तेव्हा सुमारे दहा हजार लोक फाटक मोडून चालत गेले होते.

२४ एप्रिल १९३२ च्या रविवारी हेफील्ड गावातून शेकडो तरुण किंडर स्काउटच्या पठारावर चढले. संख्या चारशेच्या आसपास सांगितली जाते. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन हा मँचेस्टरचा वीस वर्षांचा यंत्रकामगार होता. वर राखणदारांशी झटापट झाली, एकाचा घोटा दुखावला. खाली उतरल्यावर पोलिसांनी माणसे वेचून धरली. नुसते दुसऱ्याच्या जमिनीवरून चालणे हा फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून बेकायदा जमाव आणि दंगलीचे आरोप ठेवले गेले. लष्करी अधिकारी आणि जमीनदार यांचा भरणा असलेल्या जूरीसमोर डर्बीत खटला चालला, आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. रॉथमनला चार महिने मिळाले.

या घटनेभोवती पुढे पुष्कळ दंतकथा जमली आहे. पायी भटकणाऱ्यांच्या प्रस्थापित संघटनांनी त्या वेळी या अतिक्रमणाला विरोध केला होता; आपल्या वाटाघाटींवर यामुळे पाणी पडेल असे त्यांना वाटत होते. किंडरमुळेच कायदा झाला, असे सरळ म्हणता येणार नाही. पण शिक्षा ऐकून त्याच संघटनांचे सभासद खवळले आणि प्रश्न चर्चेत आला, हेही खरे. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा झाला. पायवाटांची अधिकृत नोंद ठेवण्याची तरतूद त्यातलीच. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. नोंदलेल्या वाटा सोडून माळरानावर मोकळे हिंडण्याचा हक्क २००० सालच्या कायद्याने दिला, तोही इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के भूमीपुरता. २००२ मध्ये, रॉथमन वारल्यानंतर काही महिन्यांनी, अतिक्रमणाला सत्तर वर्षे झाल्याच्या समारंभात डेव्हनशायरच्या अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली.

आज शेताच्या कडेला 'पब्लिक फुटपाथ' लिहिलेली हिरवी पाटी दिसते आणि आपण कोणाच्या तरी गव्हाच्या शेतातून बिनदिक्कत जातो. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत. आपल्याकडच्या माणसाला शेतातून जाणाऱ्या वहिवाटीचे नवल नाही. त्यावरून पिढ्यानपिढ्या चालणारे भांडणही त्याला परके नाही. फरक इतकाच की, तिथे ती वाट शेजाऱ्याची नसून वाटेल त्या परक्याची आहे. काल विमानातून उतरलेल्या माणसाचीही.

ब्रायटन, १९१५

परक्याची, असे म्हटले खरे. पण ही वाट प्रत्येक परक्याला नेहमीच मोकळी नव्हती. पुन्हा एकदा ब्रायटनला जाऊ. तिथला रॉयल पॅव्हिलियन हा हिंदुस्थानी घुमटांचा राजवाडा प्रत्येक भारतीय सहलकरी पाहतोच. डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या आरंभापर्यंत तिथे फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते. राजाच्या वाड्यात हिंदी शिपायाची शुश्रूषा चालली आहे, अशी चित्रे पोस्टकार्डांवर छापून साम्राज्याने त्याची जाहिरातही भरपूर केली.

त्याच गावात, टेकडीवरच्या गरीबगृहाच्या इमारतीत, किचनर हॉस्पिटल नावाचे दुसरे हिंदी रुग्णालय होते. त्याचा कारभार कर्नल सीटन यांच्याकडे होता. हिंदी शिपायांनी आणि रुग्णालयातील हिंदी नोकरवर्गाने गावात मोकळे फिरू नये, विशेषतः गोऱ्या स्त्रियांशी त्यांचा संबंध येऊ नये, म्हणून तिथे भिंतींवर काटेरी तारा लावल्या गेल्या आणि पहारे बसले. दरवर्षी लाखो लोक ज्या किनाऱ्यावर मोकळा श्वास घ्यायला येत, तिथे साम्राज्यासाठी रक्त सांडलेल्या माणसाला पहाऱ्याशिवाय फेरफटका मारण्याची मुभा नव्हती. १९१५ मध्ये या कोंडीला विटून गोडबोले नावाच्या हिंदी सब-असिस्टंट सर्जनने सीटन यांच्यावर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला आणि तो तुरुंगात गेला. हे आडनाव वाचताना मराठी वाचक थबकल्याखेरीज राहणार नाही. क्लेटनच्या बोगद्यापासून फार लांब नाही अशा पॅचम गावाच्या वर, डाऊन्सच्या उतारावर, संगमरवरी 'छत्री' उभी आहे. ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर तिथे अग्निसंस्कार झाले. ती मुंबईच्या हेन्रिक्स या वास्तुकाराने रेखाटली आणि १९२१ मध्ये तिचे अनावरण झाले. तिथे पोहोचायला पायवाटेनेच जावे लागते.

गिरणगावचा रविवार

मोकळ्या दिवसाची ही कहाणी इंग्लंडात सुरू झाली असली, तरी ती तिथे संपत नाही. ज्या मँचेस्टरने शनिवारची दुपार मिळवली, त्याच्याच यंत्रांवर मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या. यंत्रे आली, सुट्टी आली नाही. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम, आणि आठवड्याच्या सुट्टीचा पत्ता नाही. १८८१ चा पहिला हिंदी फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. तो व्हावा म्हणून लँकेशायरचे गिरणीमालकही आग्रही होते. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना जाचत होते, म्हणून त्यांना हिंदी मजुराचा कळवळा आला, असा टोमणा इकडचे मालक मारीत. टोमण्यात तथ्य होते. मात्र तो मारणाऱ्यांच्या गिरण्यांतही रविवारची सुट्टी नव्हती.

नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, अशा त्याच्या मागण्या होत्या. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीच्या संदर्भात नेहमी सांगितले जाते. सहा वर्षांनी, २४ एप्रिल १८९० रोजी, सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

हल्ली या तारखेला 'भारताला रविवारची सुट्टी मिळाली' असे संदेश फिरतात. ते तितकेसे बरोबर नाही. सरकारी कचेऱ्यांना रविवार आधीपासूनच मोकळा होता. साहेबाला आणि त्याच्या कारकुनाला जे आपसूक मिळाले होते ते गिरणीतल्या माणसाला मिळवून देणे, हे लोखंडे यांचे काम. आणि ते देशाला सुट्टी देण्यापेक्षा लहान नाही, उलट अधिक अवघड आहे. त्यांच्या सभेची तारीख आणि किंडर स्काउटची तारीख एकच, यात योगायोगाखेरीज काही नाही. पण दोन्ही जागी मागणी एकाच जातीची होती. ज्या दिवसाने आणि ज्या जागेने कोणाचेही काही उत्पन्न वाढत नाही, ते आपल्यालाही हवे, असे राबणाऱ्या माणसाने म्हणणे.

इंग्लंडातल्या आपल्या पिढीला हे सगळे तयार मिळाले. आमच्या कराराच्या कागदात आठवड्याचे पाच दिवस आधीच छापलेले होते. मात्र त्याच शहरांत शनिवारी रात्री जेवण घरपोच आणणारा, रविवारी वृद्धाश्रमात पाळीवर जाणारी, उपाहारगृहाच्या भटारखान्यात उभा असणारा माणूस पुष्कळदा आपल्याच देशातून आलेला असतो, आणि त्याने स्टोनहेंज पाहिलेले नसते. सहलीचा इतिहास लिहिताना सहलीला न गेलेल्यांची गणती राहून जाते. क्लेटनच्या किलिकपासून ती राहूनच गेली आहे. पार्लमेंटने, लबक यांनी, रॉथमनने किंवा लोखंडे यांनी जे मिळवले, ते मिळाल्यावर सगळ्यांचे झाले असे आपण धरून चालतो. ते अजून सगळ्यांचे व्हायचे आहे.